चार सेकंदांची जागा

दिवाळे कोळीवाड्यातल्या मोनालीचे कान लहानपणापासूनच तिखट. खाडीत होडी शिरली की नुसत्या इंजिनाच्या धडधडीवरून ती कुणाची ते सांगायची, आणि धक्क्यावरचे बापये उगाच तिच्याशी चॉकलेटची पैज लावून हरायचे. तिची आई पुतळाबाई म्हणायची, "पोरीला डोले नसते तरी चालला असता, कानांनीच संसार केला असता तिनी."

त्या कानांचंच मोनाली आज खाते. ऐरोलीला एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बारा जणं दिवसभर हेडफोन लावून बसतात, त्यातली ती एक. देशोदेशीची जुनी ध्वनिमुद्रणं तिथे साफसफाईला येतात. खरखर काढायची, घुमघुम काढायची, मधली शांतता कापायची आणि स्वच्छ फाइल ज्याची त्याला परत पाठवायची. आवाज बहुतेक मेलेल्या माणसांचे. मोनालीचा नवरा इंद्रजित साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर कारकून आणि भारी थट्टेखोर. बायको काय करते असं कुणी विचारलं की तो गंभीर तोंड करून सांगतो, "मढ्यांची दाढी करते." कामात मोनाली पक्की. चार वर्षांत तिची एकही फाइल चूक निघून परत आली नव्हती, आणि जूनपासून तिला टीम लीड करायचं जवळपास ठरलं होतं.

नेरूळला दोन खोल्यांचा फ्लॅट, सोसायटीच्या गेटावर ओळखीचा वॉचमन, रविवारी बाजारातून कोलंबी. वरवर पाहिलं तर या बाईला काही कमी नव्हतं. पण ती दिवाळ्याला लग्नाला म्हणून जात नसे. नेरूळ ते दिवाळं रिक्षाने किती वेळ लागतो? आणि तरी चार वर्षांत गावातल्या एकाही मांडवात तिचं पाऊल पडलं नव्हतं. ताप आहे, शिफ्ट आहे, इंद्रजितची आई येणार आहे, असं दर वेळी नवं कारण निघायचं.

खरं कारण एका फोनचं होतं.

पुतळाबाई लग्नांत धवले गायची. म्हणजे मुख्य धवलारीण तिची थोरली बहीण वेणूबाई. कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी जी म्हणते, देवांना आणि मेलेल्या वाडवडिलांना नावानिशी मांडवात बोलावते, ती धवलारीण. भटजी नंतर. वेणूबाईने ओळ टाकायची आणि पुतळाबाईने तीच ओळ मागून धरायची. ओळीचा शेवटचा शब्द वेणूबाई कधी म्हणतच नसे. तो पुतळाबाईने उचलायचा आणि तिथूनच पूर्ण ओळ परत म्हणायची, म्हणजे दोघींच्या मध्ये सूतभरही फट राहत नसे. तीस वर्षं त्या अशा गायल्या. लोक म्हणायचे, बाया दोन आणि श्वास एक.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पुतळाबाईला दवाखान्यात ठेवावं लागलं. सहाव्या दिवशी तिने नर्सच्या फोनवरून मोनालीला फोन केला. "मोना, जेवलीस गो?" एवढं विचारलं. मोनाली हो म्हणाली. मग पलीकडून काहीच नाही. मोनालीने दोनदा हॅलो केलं, वाटलं आवाज तुटतोय. "आई, नेटवर्क नाय, ठेव, मी करते परत," म्हणाली आणि फोन कापला. परत लावला तो कुणी उचलला नाही. सकाळी दवाखान्याचाच फोन आला.

ती नर्स चांगली बाई होती. पुढे आठवड्याने सामान घ्यायला गेल्यावर तिने सहज सांगितलं की नेटवर्क अगदी नीट होतं, आई दम घेत होत्या, काहीतरी मोठं बोलायचं होतं त्यांना, म्हणून थांबल्या होत्या. तिला बिचारीला काय माहीत आपण काय सांगतोय. मोनालीने पिशवी घेतली, आईच्या चपला घेतल्या आणि घरी आली. तेव्हापासून ती फोनवर कुणी जरा गप्प झालं तरी घाबरी होते, आणि वेणूमावशीच्या गाण्यासमोर बसायची तिची छाती होत नाही. पुतळाबाईच्या जागी आता कोण बसतं हे तिने कधी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये तिच्याकडे लीना आली.

फाइल एस्टोनियाची. हा युरोपच्या उत्तरेकडचा, समुद्राला लागून असलेला चिमुकला देश. वस्ती तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या नवी मुंबईहून फार मोठा नाही. पण फाइलसोबत माहितीची दोन पानं आली होती, ती मोनालीने डबा खाताना वाचली आणि तिचा घास हातातच राहिला. या लोकांवर शतकानुशतकं कुणी ना कुणी राज्य केलं, जर्मन जमीनदारांनी, स्वीडनने, रशियाच्या झारांनी, मग सोव्हिएतांनी. आणि हे लोक काय करत राहिले, तर गात राहिले. १८६९पासून त्यांचा गाण्यांचा उत्सव भरतो, हजारो माणसं एका मंचावर उभी राहून एका सुरात गातात. सोव्हिएत राज्य डळमळायला लागलं तेव्हा राजधानीतल्या मैदानावर लाखो माणसं जमली आणि मनाई असलेली आपली गाणी त्यांनी उघड्या गळ्याने म्हटली. बंदुकीबिंदुकीचं नाव नाही. तीन वर्षांत देश मोकळा झाला.

पण मोनालीची फाइल त्या मैदानाच्या कितीतरी आधीची होती. किनाऱ्यावरच्या एका गावात १९६१मध्ये एका शाळामास्तराने भरलेली टेपची फीत. त्यात जुन्या काळचं बायकांचं गाणं. पानात लिहिलं होतं की या गाण्यात एक बाई पुढे गाते आणि बाकीच्या ओळीच्या शेवटच्या दोन अक्षरांत शिरून तीच ओळ परत म्हणतात. खाली एक कार्ड जोडलेलं: "गायिका लीना, वय ६३. मार्च १९४९पर्यंत सहा जणींच्या गटात पुढे गात असे." आणि त्याच्याखाली गावातलं छोटं संग्रहालय चालवणाऱ्या बाईंची विनंती: फीत कुजली होती, वाजवता वाजवताच तिचा लेप गळून पडला, आता ती परत कधी वाजणार नाही. सोबतची फाइल हीच एकुलती एक. आमच्याकडे दुसरी प्रत नाही, जपून हाताळा.

मोनालीने जपूनच हाताळलं. तिच्यापरीने.

त्या दिवशी तिला काय ऐकू आलं? एका म्हाताऱ्या बाईचा जाड, न लाजणारा आवाज. एक ओळ. मग चार सेकंद शांतता, त्यात कुठेतरी लांबून बारीकशी टकटक. मग पुढची ओळ. पुन्हा चार सेकंद. ओळींचे शेवट तुटके वाटले, बाई शेवटची अक्षरं गिळते असं. मोनालीने मनात म्हटलं, वय झालंय, दम पुरत नसेल. तीन सेकंदांवरची शांतता कापायची हा तिच्या ऑफिसचा नियम, टकटक काढायची हाही नियम. तिने एकेचाळीस ठिकाणी कापलं. साडेपाच मिनिटांची फाइल पावणेतीन मिनिटांवर आली, बरोब्बर अर्धी. शिफ्टचा प्रमुख अभिराम मागे उभा राहून ऐकत होता. "एकदम क्लीन," म्हणाला. फाइल गेली, पलीकडून दोन दिवसांत मंजुरीही आली. मूळ फाइल तीस दिवस सर्व्हरवर राहते आणि एकतिसाव्या दिवसाची वाट न बघता तिसाव्या दिवशी संध्याकाळी सहाला आपोआप पुसली जाते. हाही नियमच.

काम संपलं की आवाज विसरायचा, ही या धंद्यातली पहिली शिकवण. दिवसाला सात-आठ मेलेली माणसं कानात येऊन जातात, सगळ्यांना घरी नेलं तर झोपायचं कुठे? पण लीना घरी आली. मोनाली कुकर लावत असली की ती गायची. बाल्कनीत कपडे वाळत घालताना गायची. लिफ्टचं दार बंद होताना, रिक्षात, भांडी घासताना, अगदी भर दुपारी. आणि तिचं गाणं सुंदर वगैरे राहिलं नव्हतं. ओळीवर ओळ आपटत होती, पहिली संपायच्या आत दुसरी, दुसरीच्या टाचेवर तिसरी. मागे कुणीतरी लागलंय आणि म्हातारी धावत सुटली आहे, असं. तिला कुठे थांबायलाच मिळत नव्हतं.

"बाई धापा टाकतेय," मोनाली एकदा भाजी निवडताना बोलून गेली.

"कोण बाई?" इंद्रजितने विचारलं.

"तीच. एस्टोनियाची."

"तिला म्हणावं बस जरा, पाणी घे," तो म्हणाला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली. मोनालीचे हात थांबले होते आणि ती भिंतीकडे कान देऊन बसली होती. पूर्वी आईच्या आठवणीने ती अशी बसायची. मनात पाल चुकचुकत होती की आपलं कुठेतरी चुकलंय, पण कुठे ते हाती लागत नव्हतं. मंजूर झालेली फाइल तिने चारदा ऐकली. एकही खरखर नाही, एकही ठोका नाही. चूक सापडेल कशी? चूक जिथे होती तो भागच तिने काढून टाकला होता.

मे महिन्यात वेणूबाईचा फोन आला. उत्कर्षाचं, म्हणजे वेणूबाईच्या नातीचं, लग्न होतं. "या टायमाला कारन चालनार नाय," वेणूबाई म्हणाली. "माझी नात हाय. तू हलदीला येशील, माझ्या बाजूला बसशील." आणि बोलून ठेवून दिला. तिच्या फोनला तशीही मधे थांबायची सवय नव्हती.

हळदीचा दिवस शनिवार. मोनाली पिवळी साडी नेसून इंद्रजितच्या स्कूटरवरून दिवाळ्यात उतरली तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. मांडव गल्ली अडवून घातला होता. दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील लग्नासाठी कुणी हलवले नव्हते, त्यांचा वास आणि हळदीचा वास एकात एक मिसळला होता. आईच्या वेळी असाच असायचा. मोनाली मांडवाच्या तोंडाशी थबकली. तरी ती गेली आणि वेणूबाईच्या डाव्या हाताला पाटाशेजारी बसली. उजव्या हाताला एक चटई अंथरलेली होती, तिच्यावर कुणीच नव्हतं. एवढ्या गर्दीत बायका एकमेकींच्या मांडीवर बसल्या होत्या, पण चटईवर कुणी टेकत नव्हतं.

वेणूबाईने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"हलद आयली गो, दर्याचे वाटेनी..."

ओळ तिने पूर्ण म्हटली, शेवटच्या शब्दासकट. पूर्वी तो शब्द ती सोडायची. मग ती गप्प झाली. मांडवात कुणीतरी खोकलं. वेणूबाई मिटल्या डोळ्यांनी तशीच बसून राहिली, ओठ घट्ट, मान जराशी उजवीकडे, चटईच्या बाजूला. नवरीची एक मैत्रीण होती, गाण्याचा क्लास केलेली, हातात माइक. म्हातारी विसरली असं वाटून तिने चटकन तीच ओळ उचलली आणि छान सुरात म्हणायला लागली. वेणूबाईने डोळे उघडले आणि हात लांब करून माइकवर पालथा ठेवला.

"थांब गो बाय," ती म्हणाली. रागाने नाही. "ती जागा खाली नाय. तिथं माझी बहीन हाय. तिचा होऊन दे, मंग मी पुढचा घेते."

पोर ओशाळली. आजूबाजूच्या बायकांना काही नवल वाटलं नाही, त्यांना चार वर्षांची सवय होती. वेणूबाईने परत ओळ टाकली, परत थांबली. आणि मोनालीने सवयीने मोजलं. तिची काय चूक, तोच तिचा धंदा. एक, दोन, तीन, चार. मग पुढची ओळ.

तिला लीना आठवली. एकेचाळीस ओळी. एकेचाळीस वेळा चार सेकंद. फाइल बरोब्बर अर्धी झाली होती. मार्च १९४९पर्यंत सहा जणींच्या गटात.

तिने मांडवातच फोन काढला आणि एक हात हळदीचा असताना दुसऱ्या हाताने त्या महिन्याचं शोधलं. फार शोधावं लागलं नाही. १९४९च्या मार्चअखेरीस त्या एवढ्याशा देशातून चार-पाच दिवसांत वीस हजारांवर माणसं घरांतून उचलली, गुरांच्या डब्यांत भरली आणि सायबेरियात नेऊन टाकली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. मोनालीने फोन पालथा ठेवला. लीनाचा दम कमी पडत नव्हता. ती शेवटची अक्षरं गिळतही नव्हती. ती मागच्या पाच जणींसाठी ठेवत होती, आणि त्यांचं म्हणून होईपर्यंत थांबत होती. बारा वर्षांनंतरही. आणि हिने, जिच्या आईने उभा जन्म दुसरीची ओळ मागून धरली त्या बाईच्या मुलीने, त्या पाच जणींना रिकामी जागा समजून कापून टाकलं होतं. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा फोन कापला होता.

आणि आज तिसावा दिवस होता.

"मावशी, मला जायला लागेल," ती म्हणाली. "ऑफिसात. आत्ता."

वेणूबाईने तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांनी आलेली भाची, अर्ध्या हळदीतून उठतेय. तिने बोलावं तेवढं कमी होतं. पण मोनालीच्या तोंडाकडे बघून ती एवढंच म्हणाली, "उद्या लगीन हाय. तवा तरी पुरी बस."

इंद्रजितने पाम बीच रस्त्याने स्कूटर अशी हाणली की एरवी मोनालीने त्याला शिव्या घातल्या असत्या. पिवळी साडी, कोपरापर्यंत हळद, अशा अवतारात ती चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. शनिवारच्या शिफ्टला चारच माणसं होती. अभिरामने चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, तुझी सुट्टी आहे ना?"

"लीनाची फाइल परत उघड. रॉ फाइल सहाला जाणार."

"क्लायंटने अप्रूव्ह केलीये ती. महिना झाला."

"चुकली आहे."

अभिराम वाईट माणूस नव्हता, पण नाकासमोर चालणारा होता. त्याने तिला समोर बसवलं आणि हळू आवाजात समजावलं. बंद झालेलं काम उघडायचं तर कारण लिहावं लागतं. कारण म्हणजे चूक कुणाची ते. तिच्या नावावर चार वर्षांत एकही चूक नाही म्हणून तर जूनचं ठरलंय. एकदा ही लागली की वर्षभर विषय बंद. आणि तक्रार आलीच नाहीये कुणाची. "कोणाला कळणार आहे, मोनाली? शांतताच कापलीस ना? टेन्शन कशाला घेतेस?"

"ती शांतता नव्हती," ती म्हणाली.

"मग काय होतं?"

तिने हळदीचे हात टेबलावर टेकले. "माणसं होती," म्हणाली शेवटी, आणि रडू आलं म्हणून तोंड फिरवलं. अभिरामने बंद झालेलं काम उघडलं. मग त्याने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. कारणाच्या रकान्यात मोनालीने लिहिलं: चूक माझी. गायिका सोबतिणींसाठी जागा सोडत होती, ती मी रिकामी समजून कापली. कीबोर्डाच्या कळा हळदीने पिवळ्या झाल्या. अभिरामने ते वाचलं, खाली आपली सही टाकली आणि मूळ फाइल तिच्या मशीनवर उतरवून दिली. साडेतीन वाजले होते.

तिने हेडफोन लावले आणि या वेळी कुठलंच बटण न दाबता, हात मांडीवर ठेवून ऐकायला बसली.

लीनाची ओळ आली, शेवटची दोन अक्षरं सोडून. मग ती शांतता. मोनालीचे कान तिखट, आणि आता ते काहीतरी ऐकायला बसले होते, काहीतरी काढायला नव्हे. लांबून येणारी ती टकटक होती. दाराची असेल, घड्याळाची असेल, असं तिने महिन्यापूर्वी धरलं होतं. पण घड्याळ लीना गात असतानाही चाललं असतं. हा आवाज फक्त शांततेत होता. ठक, ठक, ठक, ठक. चार ठोके, आणि लीनाची पुढची ओळ. लीना गाताना ठोका नाही. ती थांबली की चार. लाकडी जमिनीवर पडणारा पाय होता तो. खोलीत दुसरं कुणीतरी बसलं होतं, आणि ते तोंडाने एक अक्षर न काढता, पायाने ती ओळ मागून धरत होतं.

मोनालीने फाइल पहिल्यापासून लावली. एकेचाळीसही जागा तिने ऐकल्या. शेवटची ओळ झाली, लीना कायमची गप्प झाली, आणि त्यानंतर ते चार ठोके एकटेच पडले. मग फीत संपली. तिने पाठवलेल्या फाइलमध्ये गाणं लीनाच्या आवाजावर संपत होतं. खरं ते तिथे संपत नव्हतं.

खरखर तेवढी काढून, पायाला धक्का न लावता, तिने पाचच्या आत फाइल पाठवली. सोबत संग्रहालयाच्या बाईंना माफी मागणारं पत्र, जमेल तेवढ्या इंग्रजीत, आणि एक प्रश्न: खोलीत दुसरं कोण होतं?

उत्तर रविवारी सकाळी आलं. मोनालीने ते लग्नाची साडी नेसता नेसता वाचलं आणि निऱ्या हातातच राहिल्या. १९४९मध्ये माणसं उचलली त्या दिवशी लीना शेजारच्या गावी लग्नात गायला गेली होती म्हणून वाचली, असं बाईंनी लिहिलं होतं. पाचही सोबतिणींना नेलं. तिघी तिकडेच वारल्या, एकीचा काही पत्ता लागला नाही. पाचवी मार्ता. ती १९५६मध्ये परत आली आणि नंतर मरेपर्यंत कधी गायली नाही. "आम्ही समजत होतो, मार्ता गाणी विसरली. मास्तरांच्या वहीत फीत भरली त्या दिवसाखाली लिहिलं आहे की खोलीत लीना आणि मार्ता दोघीच होत्या, आणि मार्ता हात मांडीवर घेऊन शेवटपर्यंत गप्प बसली. तिची मुलगी अजून आमच्या गावात राहते. तिला आज दुपारी बोलावलं आहे. तिने आईला कधी गाताना ऐकलेलं नाही."

लग्न दुपारचं होतं. मांडवात वेणूबाई होती, तिच्या उजव्या हाताला ती चटई होती. मोनाली डावीकडे बसायला गेली, तर वेणूबाईने तिचा हात धरून तिला उजवीकडे ओढलं आणि चटईवर बसवलं. बायका जरा हलल्या.

"कामाचा झाला?" वेणूबाईने विचारलं.

मोनालीने तिला दोन वाक्यांत लीना सांगितली. तिच्या सोबतिणींना ओढून नेलं, आणि ती त्यांची जागा ठेवून गाते.

"मंग?" वेणूबाई म्हणाली. तिला यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. "तिनी दुसरा काय करावा?"

आणि तिने डोळे मिटले. ओळ टाकली, पूर्ण, आणि थांबली. मोनालीला ओळ येत होती. आईच्या मांडीवर असल्यापासून येत होती. पण आवाज काही केल्या फुटेना. ती जागा तिच्यासमोर उघडी पडली होती आणि तिच्यातून आई विचारत होती, मोना, जेवलीस गो, आणि पुढचं काही बोलत नव्हती. मोनालीचा पाय चटईबाहेरच्या फरशीवर होता. तो आपसूक पडला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा.

वेणूबाईने मान वळवली नाही. पुढची ओळ तिने घेतली, आणि शेवटच्या शब्दाशी आली तेव्हा तो म्हटला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा तिने तो सोडून दिला.

मोनालीने तोंड उघडलं. शब्द आला नाही, नुसता श्वास आत गेला. चार सेकंद झाले, पाच झाले, सहा झाले. नवरी ताटकळली, भटजींनी घड्याळ पाहिलं, मांडवात कुजबुज सुरू झाली. वेणूबाई मिटल्या डोळ्यांनी, मान उजवीकडे करून बसली होती. ती पुढे गेली नाही. मोनालीला दम येईपर्यंत ती थांबून राहिली.